गडग्यावरचे हार्वेस्टमन काचेच्या टाकीत का टिकत नाहीत

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. सावंतवाडीजवळ तुमचं घर, मागे जांभ्याच्या चिऱ्यांचा जुना गडगा. पावसाळ्यात त्यावर लांब पायांचे हार्वेस्टमन, म्हणजे कोळ्यासारखे दिसणारे आठ पायांचे जीव, घोळक्याने बसतात. त्यातले आठ-दहा धरून तुम्ही दीड फुटी फिश टँकमध्ये सोडले. तळाला कोकोपीट, वर शेवाळ आणि नेचे, परसातल्या खतखड्ड्यातून जमवलेले स्प्रिंगटेल (ओल्या मातीतले अगदी बारीक जीव), काचेचं झाकण आणि दिवसातून दोनदा फवारणी. आठवडाभरात निम्मे मेले, उरलेल्यांचे पाय गळाले. बायोॲक्टिव्ह, म्हणजे मातीतले जीवच साफसफाई करतील अशी, टाकी करूनही असं का झालं, हा तुमचा प्रश्न.

आधी तातडीचं सांगतो. मेलेल्यांच्या अंगावर पांढुरकी बुरशी आलेली नसेल आणि टाकीत बाहेरून आणलेली माती नसेल, तर जे जिवंत आहेत त्यांना आज संध्याकाळी, उजेड ओसरला की, त्याच गडग्यावर सोडून द्या. दुसरीकडे कुठे नको, त्याच भिंतीवर. टाकी मात्र तशीच चालू ठेवा, तिच्यात दुरुस्ती करता येईल.

आता कारण. टाकीत ओल कमी पडली नाही, हवा कमी पडली. गडग्याच्या फटीत ओल असते, पण ती चिऱ्यात आणि मातीत मुरलेली. तिथली हवा सतत बदलत असते. काचेचं झाकण लावलं की उलटं होतं. हवा दमट होऊन थांबते आणि काचेवर पाणी साचतं. बारीक पाय त्या पाण्याला चिकटले की सोडवायच्या धडपडीत प्राणी पायच टाकून देतो. त्यात कोकोपीट सतत भिजलेलं राहिल्याने बुरशी वाढते. शिवाय दीड फुटात आठ-दहा म्हणजे फार गर्दी झाली. आणि एक कारण तुमच्या हातात नव्हतं, ते म्हणजे वय. त्याबद्दल पुढे लिहितो.

या प्राण्याच्या शरीराची रचना नीट कळली की टाकी कशी हवी हे बरंचसं आपोआप कळतं. हार्वेस्टमन कोळ्याचा नातलग आहे, कोळी नाही. कोळ्याला कंबर असते. याचं डोकं, छाती आणि पोट मिळून एकच लंबगोल अंग, आणि वर बुरुजासारख्या उंचवट्यावर दोन डोळे. त्याला विष नाही. 'हा सगळ्यात विषारी, फक्त दात छोटे म्हणून चावत नाही' ही सांगोवांगी गोष्ट निव्वळ खोटी आहे. त्याला रेशीमही काढता येत नाही, आणि टाकीच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचं आहे, कारण धाग्याला लोंबकळणं त्याला शक्यच नाही. जे काही पकडायचं ते पायाच्या टोकाने. लांब पायांच्या जातींत ते टोक बारीक बारीक पेरांचं असतं आणि काडीभोवती चक्क गुंडाळलं जातं. पण गुळगुळीत काचेवर त्याचा काही उपयोग नाही. घराच्या कोपऱ्यात विस्कटलेलं जाळं करून उलटा लटकणारा, हात लावला की गरगर हलणारा जो लांबटांग्या दिसतो, तो फोल्सिडी कुळातला खरा कोळी. ओळखताना गल्लत करू नका. तो टाकीत शिरला तर हार्वेस्टमनला गुंडाळून खाऊन टाकतो.

श्वास घ्यायला याच्या अंगावर श्वासरंध्रांची जोडी असते, तिथून नळ्या आत जातात. स्कॉटलंडमधल्या रायनीच्या खडकात सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वीचा एक हार्वेस्टमन सापडला आहे, त्याच्याही श्वासनलिका दगडात शाबूत आहेत. इतक्या जुन्या काळापासून हा जमिनीवरच्या मोकळ्या हवेत जगणारा प्राणी आहे, आणि आपण त्याला बरणीत कोंडतो. मला या प्राण्याचं वेड लागलं ते यामुळेच. असो.

सह्याद्रीत तुम्हाला ढोबळमानाने दोन तऱ्हा भेटतील. एक तुमच्या गडग्यावरची: गॅग्रेला आणि तिच्या भाऊबंदांची, अंग काही मिलिमीटरचं आणि पाय त्याच्या कित्येक पट लांब. यांना उंची आणि वारा लागतो. दुसरी तऱ्हा दगडाखाली, कुजक्या ओंडक्याखाली सापडते. पाय आखूड, चाल संथ, तोंडापुढच्या पाल्पांवर, म्हणजे छोट्या हातांसारख्या अवयवांवर, काटे. असॅमिडी कुळातले आणि त्यांच्यासारखे इतर. यांना उंची नको, तळाची जागा हवी, आणि दमट हवा यांना पहिल्यापेक्षा बरीच मानवते. तुमची सध्याची आडवी टाकी खरं तर या दुसऱ्या तऱ्हेसाठी जवळजवळ योग्य आहे. पहिल्यांदाच पाळणाऱ्याला मी नेहमी यांच्यापासूनच सुरुवात करायला सांगतो. पण तुमचं मन गडग्यावरच्यांवर जडलंय, तर पुढचं सगळं त्यांच्यासाठी.

नवीन टाकी घ्यायची गरज नाही. तोच टँक आखूड बाजूवर उभा करा, म्हणजे उंची दीड फूट होईल आणि उघडं तोंड समोर येईल. तळाकडचे १२ सेंटिमीटर ॲक्रिलिकच्या पट्टीने बंद करा, माती त्यामागे राहील. तिच्या वर दोन बोटं रुंद जाळीची पट्टी, मग ॲक्रिलिकचं दार, आणि अगदी वर परत जाळी. खालून ताजी हवा शिरते, दमट हवा वरून निघून जाते. दार समोर असण्याचा दुसरा फायदा मोठा आहे. हे प्राणी दिवसभर छताला लटकून असतात. वरचं झाकण उघडबंद करताना किती पाय चिरडले जातात याचा हिशोब नाही. जाळी बारीक भोकांची घ्या, स्टीलची असली तर उत्तम. कापलेल्या कडांचे धागे सुटे राहिले तर पाय अडकतात, म्हणून कडा सिलिकॉनमध्ये दाबून टाका. बुरशीनाशक घातलेलं सिलिकॉन नको, आणि लावल्यावर व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत टाकी उघडी ठेवा. काचेच्या छताला आतून कॉर्कची शीट किंवा ताणलेली जाळी चिकटवा. काथ्या आणि गोणपाट आपल्याकडे सहज मिळतं म्हणून लोक तेच लावतात, पण त्याच्या तंतूंत पाय गुंततात. ते टाळा.

आत उभ्या-तिरक्या वाळक्या काड्या हव्यात, पण छताखालचा भाग मोकळा सोडायचा. हार्वेस्टमनच्या सर्वात लांब पायाच्या निदान दुप्पट अंतर छतापासून खाली पूर्ण रिकामं पाहिजे. टाकी सजवताना सगळ्यात जास्त मोह याच जागेचा होतो. तिथे एखादा नेचा किंवा फांदी छान दिसते. नको. का ते कात टाकण्याबद्दल लिहिताना सांगतो. मागच्या बाजूला जांभ्याचे एक-दोन तुकडे उभे रचा. ते मातीवर ठेवू नका, थेट काचेवर टेकवून मग भोवती माती भरा, नाहीतर माती बसली की दगड कलंडतो. जांभा सच्छिद्र असल्याने पाणी धरून ठेवतो आणि सावकाश सोडतो. तुमच्या भागात तो फुकट मिळतो हे तुमचं भाग्य.

नुसतं कोकोपीट मला पटत नाही. तळाला विटांचे किंवा जांभ्याचे खडे तीन-चार सेंटिमीटर, त्यावर जाळीचं कापड, मग सहा-सात सेंटिमीटर माती, ज्यात निम्मा कुजलेला पाला, थोडी वाळू आणि कुटलेला लाकडी कोळसा. वर जांभूळ, फणस, ऐन यांचा वाळका पाला. इथे कोकणातल्या माणसाने एक गोष्ट फार जपून करायची: माती आणि पाला आणायचा कुठून? हापूसच्या बागेतून नको. तिथे मोहोरावर कीटकनाशकांच्या फवारण्या झालेल्या असतात, आणि बुंध्याशी पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजे झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारं रसायन, ओतलेलं असतं जे मातीत लवकर विरत नाही. पोफळीच्या बागेतूनही नको. कोळेरोगासाठी, म्हणजे सुपारीच्या बुरशीच्या रोगासाठी, पावसाच्या तोंडावर बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) मारतात, त्यातलं तांबं मातीतल्या लहान जीवांना मारतं. जिथे माणसाने वर्षानुवर्षं काही ओतलेलं नाही अशा राईखालची, तुमच्या स्वतःच्या जागेतली माती सर्वात चांगली.

स्प्रिंगटेल तुम्ही घातलेत ते योग्यच केलंत. टाकी बायोॲक्टिव्ह होते ती त्यांच्यामुळे, नेच्यांमुळे नाही. ते बुरशी खातात, उरलंसुरलं साफ करतात, आणि हार्वेस्टमनची पिल्लं त्यांच्यावरच वाढतात. पण त्यांची संख्या वाढायला महिनाभर तरी द्यावा लागतो. म्हणून टाकी आधी चालू करायची, प्राणी नंतर. एका डबीत ओल्या कोळशाच्या तुकड्यांवर चार तांदळाचे दाणे टाकून त्यांचं वेगळं बी राखून ठेवा, टाकीत कमी झाले की तिथून घालता येतात. आयसोपॉड, म्हणजे कुंडी उचलली की खालून पळणारे ते राखाडी जीव, यांच्याबाबत मी जरा कडक आहे. अगदी छोटी जात असेल तर चालेल. मोठे आयसोपॉड नुकत्याच कात टाकलेल्या मऊ प्राण्याला कुरतडतात आणि मातीतली अंडीही सोडत नाहीत. गोम आणि गोगलगाय काढून टाका. मुंग्यांसाठी स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, आपल्याकडे दुधाच्या कपाटाला करतात तसंच.

पाणी रोज एकदा, संध्याकाळी, आणि एकाच बाजूला. मागचा दगड आणि त्याखालची माती भिजवायची, समोरची बाजू आणि छत कोरडं ठेवायचं. पानांवर चार थेंब राहिले पाहिजेत, कारण ते थेंबच पितात, आणि फार पितात. इतके लांब पाय असलेल्या एवढ्याशा अंगातून पाणी झपाट्याने उडतं. सकाळपर्यंत काच पूर्ण कोरडी झाली असेल तर हवा पुरेशी खेळते आहे असं समजा. सकाळी अजून धुकट असेल तर त्या दिवशी फवारणी नाही. विहिरीचं किंवा पावसाचं पाणी वापरा. नळाचं असेल तर रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून मगच घ्या. तापमान २२ ते २७ अंशांच्या आसपास राहील ते बघा. कोकणात पावसाळ्यात यासाठी काहीच करावं लागत नाही. पुण्यात किंवा विदर्भात राहणाऱ्यांनी मात्र एप्रिल-मेमध्ये लांब पायांच्या जाती ठेवण्याच्या फंदात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एसी लावून तापमान उतरतं, पण हवा कोरडी पडते.

खाण्याचा प्रश्न सोपा आहे, कारण कोळ्यासारखं यांचं फक्त द्रवावर भागवायची सक्ती नाही. तोंडापुढच्या छोट्या चिमट्यांनी ते घास तोडतात आणि घन अन्न गिळतात. ताजा मारलेला नाकतोडा किंवा झुरळाचं पिल्लू तुकडे करून, मीलवर्मचे तुकडे, चिलटं, वाळवी, अधूनमधून माशांच्या खाद्याची चिमूटभर पूड. पिकलेल्या केळ्याचा आणि काकडीचा छोटा तुकडाही खातात. जिवंत मोठा नाकतोडा सोडू नका, तो यांचेच पाय चावतो. अन्न बाटलीच्या झाकणात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेलं बाहेर काढा. मातीत पांढुरक्या बारीक माइट्सची (कोळ्याच्या नात्यातल्या सूक्ष्म जीवांची) साय दिसू लागली तर जास्त खायला घालताय असं समजावं.

संध्याकाळी टॉर्चला लाल कागद लावून बघत बसलात तर एक गोष्ट नक्की दिसेल. जेवण झाल्यावर तो एक पाय बुडाशी तोंडात धरतो आणि हळूहळू टोकापर्यंत ओढून काढतो. पाय कमानीसारखा वाकतो, टोक सुटताच झटकन सरळ होतो, मग पुढचा पाय. दुसरी जोडी सर्वात लांब, आणि तिचा उपयोग चालण्यापेक्षा चाचपण्यासाठी जास्त. स्पर्शाचं आणि वासाचं बरंचसं काम या जोडीवर असतं. म्हणून पाय गळाले असं म्हणताना कोणते गळाले ते बघा. मागचा एखादा गेला तर तो नीट जगतो. दुसऱ्या जोडीतले दोन्ही गेले तर अन्न सापडणंही अवघड होतं, त्याला घास अगदी तोंडाजवळ ठेवावा लागतो. गेलेला पाय पुन्हा येत नाही, पुढच्या कातीतही नाही.

आता कात. कोवळे हार्वेस्टमन मोठे होईपर्यंत अनेकदा कात टाकतात, आणि टाकीतले सगळ्यात जास्त मृत्यू या वेळी होतात. आधी खाणं मंदावतं. मग तो छताला मागच्या पायांनी घट्ट धरून उलटा लटकतो. अंगावरची कात फाटते, अंग खाली येतं, आणि मग आठही लांबच लांब पाय जुन्या नळ्यांतून बाहेर ओढावे लागतात. तोंडाच्या चिमट्यांनी एकेक पाय धरून तो ओढत राहतो. हे सगळं बहुधा अर्ध्या तासाच्या आत उरकतं, पण तेवढ्या वेळात खाली पानं, काडी किंवा दुसरा हार्वेस्टमन लागला की पाय वाकडा होतो आणि तसाच वाळतो. छताखालची जागा रिकामी ठेवा म्हणालो ते यासाठी. हवा फार कोरडी असेल तर पाय नळीत अडकतात, म्हणून कातीच्या दिवसांत मातीची ओल किंचित वाढवावी, पण छत भिजवू नये. आणि टाकीला हात लावू नये. पाय अडकलेला बघून मदत करावीशी वाटते, ते मी समजू शकतो, पण चिमटा लावला की तो पाय गेलाच.

धरण्याबद्दल. बोटांच्या चिमटीत पाय धरू नका. तो सांध्यातून सोडून देतो आणि तुटलेला पाय तुमच्या हातात बराच वेळ फडफडत राहतो. शिकाऱ्याचं लक्ष वेधण्यासाठीची ती सोय आहे. रुंद तोंडाचा डबा खाली धरा आणि वरून मऊ ब्रशने ढकला. एका डब्यात एकच, आत वाळकं पान आणि ओलसर टिश्यूचा तुकडा, झाकणाला भोकं. अंगाच्या कडेला यांच्या गंधग्रंथी असतात, घाबरले की त्यातून उग्र वासाचा द्रव येतो. बंद डबीत घोळका कोंबला तर तो वास त्यांनाच बाधतो. घोळक्यातून तीन-चारच घ्या, तुमच्या टाकीला तेवढे पुरे. अंगावर लालभडक ठिपके दिसले तर ते माइट्सच्या अळ्या आहेत. उपटू नका. एखाद-दोन असतील तर प्राण्याला फारसं काही होत नाही आणि मुदत संपली की त्या आपणच गळतात. पण ज्याच्या अंगावर खूप असतील तो तिथेच राहू द्या.

आणि धरायचे ते फक्त स्वतःच्या आवारातले. राधानगरी, कोयना किंवा गोव्यातलं म्हादई, अशा कुठल्याही अभयारण्यातून परवानगीशिवाय एकही वन्य जीव उचलायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मनाई करतो, मग तो एवढासा का असेना. कायदा बाजूला ठेवला तरी, आपल्याकडच्या हार्वेस्टमनवर अभ्यास इतका थोडा झालाय की एका घळीतून घोळका उचलताना आपण काय उचलतोय हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून मी विकत मिळणारे, रानातून आणलेले हार्वेस्टमन घेत नाही आणि तुम्हीही घेऊ नका.

एखादा काडीवर पाय पसरून मेलेला आणि अंगावर पांढुरका लव आलेला दिसला तर तो बुरशीचा रोग आहे. काडीसकट ताबडतोब बाहेर काढून जाळून टाका आणि काही दिवस फवारणी निम्मी करा. त्या टाकीतले बाकीचे परत गडग्यावर सोडायचे नाहीत. बाहेरून आणलेले आयसोपॉड किंवा माती वापरली असेल तरीही नाही. आपल्या टाकीतला रोग भिंतीवरच्या घोळक्यात पोचवण्यापेक्षा ते आयुष्यभर टाकीत राहिलेले बरे.

वयाचं राहिलं. प्रौढ झाल्यावर हे कात टाकत नाहीत, म्हणजे प्रौढ धरला तर कातीचा धोका टळतो. पण लांब पायांच्या बऱ्याच जातींचं प्रौढपण काही आठवड्यांचं, फार तर काही महिन्यांचं असतं, आणि तुम्ही धरलात तेव्हा त्यातलं किती सरलंय ते कळायला मार्ग नाही. त्यामुळे तुमच्याकडे मेलेल्यांतले एक-दोन म्हातारपणानेही गेले असतील. दीर्घकाळ ठेवायचे असतील तर खरी वाट अंड्यांची आहे. नर-मादी एकत्र असले की मीलन सहज होतं. मादी लांब अंडनलिका मातीत किंवा दगडाच्या फटीत खुपसून अंडी घालते, बहुधा त्याच ओल्या मागच्या कोपऱ्यात. म्हणून तो कोपरा कधीही उकरू नका आणि सगळे प्रौढ मेले तरी टाकी मोडू नका. ओल तशीच राखा, स्प्रिंगटेल जिवंत ठेवा, आठवड्यातून एकदा चिमूटभर खाद्य त्यांच्यासाठी टाका. अंडी फुटायला जातीनुसार आणि तापमानानुसार काही आठवडे ते काही महिने लागतात. पिल्लं फिकट आणि इतकी बारीक असतात की खालच्या पट्टीतल्या जाळीतून सरळ बाहेर जातील. प्रौढ मेल्यानंतर लगेच त्या पट्टीवर आतून मलमलचा तुकडा घट्ट लावून घ्या.